नो क्लेम

अशोक चौकात, झेरॉक्सच्या दुकानामागे
गुरुशांत हत्तरकींची खोली. बाहेर त्रेचाळीस डिग्री,
आत कूलर, त्याच्या पाण्याला गंजाचा वास.
“तम्मा, वय?”
बावीस.
“गाडी?”
मी फोटो दाखवला.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला,
मग माझ्याकडे पाहिलं,
डॉक्टर रिपोर्ट मिटवून नातेवाइकांकडे बघतात तसं.

तीन दारं फिरून आलो होतो.
मोबाइलवरचा आकडा रोज वेगळा.
सात रस्त्यावरच्या बाईंनी गाडीचं नाव ऐकून
पंखाच एकने वाढवला.
जुन्या मालकाची पॉलिसी मार्चमध्ये मेलेली,
म्हणजे आता तपासणी, चारी बाजूंचे फोटो,
चॅसीचा नंबर कागदावर पेन्सिलीने घासून.

“इंजिनात काही केलंय?”
केलंय. पुण्याच्या पोरानं ट्यून केली होती.
कागदावर एकशे ऐंशी घोडे, रस्त्यावर दोनशे वीस.
“लिहू की नको?
लिहिलं तर हप्ता वाढतो.
नाही लिहिलं तर नाही वाढत,
फक्त उद्या ठोकलीस की मी तुला ओळखत नाही.”
लिहा म्हटलं.
आवाज माझाच होता, जरा बारीक.

शेजारच्या स्टुलावर नायना.
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं.
गाड्या नाही, पण घोडे त्यांना कळतात:
एका मागाला एक घोड्याची मोटर.
तेलुगूत पुटपुटत बोटांवर मोजलं.
“दोनशे वीस माग,” म्हणाले, “एकट्या पोराला.”
ते स्वतः आठ बघतात,
त्यातले दोन कायम रुसलेले.

“एक वाट आहे,” हत्तरकी म्हणाले.
“काकांची ओम्नी. कधी क्लेम घेतलाय?”
नाही.
“एकदाही?”

आरसा रिक्षानं नेला तेव्हा
नायनांनी तो मागाच्या दोऱ्यानं बांधला होता.
गड्ड्याच्या गर्दीत दार चेपलं,
आतून लाथ मारून सरळ केलं.
तर्जनीचं एक पेर मागात गेलं
त्या रात्री मालकाला म्हणाले,
चूक माझीच, डोळा लागला होता.
ते ओम्नीच्या पॉलिसीत बसत नाही,
पण मी तेही मोजलं.

“नो क्लेम बोनस. पन्नास टक्के.
व्हॅन विका, नवी गाडी काकांच्या नावावर घ्या,
बोनस तिच्यावर उतरतो.
सूट फक्त आपल्या गाडीच्या नुकसानीवर, हां.
दुसऱ्याचं नुकसान केलं की
सूट कुणालाच नाही.”

नायना ऐकत असतानाच
जुडग्यातून ओम्नीची चावी सोडवायला लागले.
कडी घट्ट होती, नख वाकलं.

मी नको म्हणालो.
मोठेपणा नव्हता तो.
आरसी बुकावर मला माझंच नाव वाचायचं होतं,
राजशेखर मल्लेशम बिंगी,
जॅकार्डची नक्षी काढून काढून जमवलेलं,
निम्मं अजून बँकेचं.

मग घासाघीस. कुठल्याही अपघातात
पहिले पंधरा हजार माझ्या खिशातून,
असं कबूल केल्यावर आकडा थोडा खाली बसला.
सव्वीस हजार चारशे.
एक पगार, आणि वर आठ दिवस.
या आठ दिवसांत गाडी उभीच राहील,
पेट्रोलचे पैसे आपोआप वाचतील,
हा माझा हिशोब. हत्तरकी हसले नाहीत.

शेवटच्या पानावर एक ओळ रिकामी होती.
नॉमिनी. नातं. वय.
मी भरभर लिहिलं:
मल्लेशम नरसय्या बिंगी. वडील. छप्पन्न.

नायनांनी कागद स्वतःकडे वळवला.
एक पेर कमी असलेलं बोट
ओळीखालून सावकाश नेलं,
कापडात तुटका धागा शोधतात तसं.
“हे उलटं लिहिलंय.”
“बरोबर आहे काका,” हत्तरकी म्हणाले,
“पॉलिसी त्याची, म्हणजे पैसे तुम्हाला.”
“उलटं लिहिलंय,” नायना पुन्हा म्हणाले,
आता मराठीत नाही.

कूलरमधलं पाणी संपलं होतं, नुसता वाजत होता.
हत्तरकींनी शिक्का उचलला,
त्याच्यावर फुंकर मारली
आणि तसाच हातात धरून ठेवला.